माळावर मी आखलेली हद्द

वाळवंट मी आजवर पाहिलेलं नाही. तरी त्यानं माझी चार वर्षं खाल्ली, आणि एका उन्हाळ्यात वडिलांची मेंढरंही त्याच्यापायी जाता जाता राहिली. यात वाळवंटाचा काही दोष नाही हे मला कळतं. दोष माझा होता, थोडा वडिलांचा होता, आणि बराचसा पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक सरांचा होता, असं मी अजूनही हट्टानं म्हणते.

नव्वदच्या दशकातली पहिली काही वर्षं. मी बारामतीत ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि शेजारीच जळोचीत सासरी राहायचे. माहेर इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पलीकडं, एसटीतून उतरून अर्धा तास चालायचं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. चुलते एकेक करून शेतीकडं नाहीतर कारखान्यातल्या नोकरीकडं वळले. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तेवढी चाळीसेक मेंढरं धरून ठेवली होती. एम.फिल. करायचं ठरलं तेव्हा मला आमच्याच भागातल्या चराऊ रानांवर लिहायचं होतं. सरांनी तो विषय चहाच्या दोन घोटांत निकालात काढला. "स्थानिक विषयाला विचारतं कोण?" ते म्हणाले. "आखाताचं युद्ध आत्ताच होऊन गेलंय. मेंढपाळच हवेत ना तुम्हाला? मग अरबस्तानातले घ्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी तिथल्या सीमा ठरवल्या, त्या वाटाघाटींत भटक्या टोळ्यांच्या चराऊ जमिनींचं काय झालं, ते लिहा." मी मान डोलावली. तिथंच उठून यायला हवं होतं.

पुढचं सगळं म्हणजे नुसता वैताग. पुण्यातलं ग्रंथालय रविवारी बंद, आणि मला सुट्टी रविवारचीच. मग रजा टाका, प्राचार्यांचं तोंड बघा, दौंडला गाडी बदला, आणि तिथं पोचल्यावर कळायचं की हवं ते पुस्तक सरांनीच घरी नेलंय. पुस्तकं इंग्रजीत, आणि टोळ्यांची नावं अशी की तिसरं वाचेपर्यंत पहिलं विसरलेलं असायचं. नकाशे घडीवर फाटलेले, आणि फाटलेले नेमके तिथंच जिथून सीमा गेली होती. घरी आल्यावर सासरचं कुणीतरी विचारणारच, "झालं का वाळवंट?" जसं काही मी ते झाडायला घेतलं होतं.

एकट्या आबांना त्यात रस होता. माहेरी गेले की ते हातातलं काम न थांबवता विचारायचे, "कुठवर आलं तुझं वाळवंट?" एकदा ते मेंढरांची लोकर कातरत बसले होते आणि मी शेजारी बसून त्यांना सगळी हकिगत सांगितली. नजदचा, म्हणजे अरबस्तानच्या मधल्या मुलखाचा, सुलतान एका बाजूला, इंग्रजांच्या आधारानं उभे असलेले इराक आणि कुवेत दुसऱ्या बाजूला. आधी त्यांनी ठरवलं की कोणती टोळी कुणाची. मग टोळीबरोबर तिच्या विहिरी आल्या, तिचं चरायचं रान आलं, आणि तिथं घोडं अडलं. सुलतान म्हणे, माझी माणसं जिथवर चरायला जातात तिथवर मुलूख माझा, वाळूत रेघ कसली मारता. पाच-सहा दिवस घोळ चालला. शेवटी इंग्रज साहेब कावला, त्यानं तांबडी पेन्सिल घेतली आणि नकाशावर सरळ हद्द आखून टाकली.

"आन् मग?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, मग भांडण राहू नये म्हणून साहेबानं मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा कुणालाच न देता मोकळा सोडला. तिथं दोन्हीकडच्या टोळ्यांनी चारायचं, पाणी पाजायचं. आणि हद्दीजवळच्या विहिरींपाशी कुणी किल्ला बांधायचा नाही असंही लिहून घेतलं.

आबा कातर चालवत राहिले. मग म्हणाले, "रेघ कुठनं गेली त्ये ऱ्हाऊ दे. उन्हाळ्याचं पानी कुनाकडं गेलं?"

पुस्तकात वर्षाच्या कुठल्या महिन्यात कुठली विहीर चालू असते ते नव्हतं. आबांना त्याचं नवल वाटलं. "साहेबानं महिना इचारला न्हाय?" ते म्हणाले. "अगं, रान म्हंजी जागा न्हवं. रान म्हंजी म्हैना. आज हितं काय बी न्हाय, आन् चैतात तितंच जीव ऱ्हातो." हे वाक्य मी जरा नीटनेटकं करून तिसऱ्या प्रकरणात घातलं. मेंढपाळाच्या लेखी चराऊ जमीन ही स्थळाची नसून ऋतूची बाब असते, असं काहीतरी. सरांनी समासात 'उत्तम निरीक्षण' असं लिहिलं. निरीक्षण कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चार वर्षांत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

आता आमच्या माळाचं. गावाबाहेर एक मोठा माळ होता. कागदोपत्री तो निम्मा आमच्या भावकीचा आणि निम्मा शेजारच्या बागाईतदार घराचा, पण कुठून कुठवर कोणाचा हे कुणालाच माहीत नव्हतं. मोजणी दोन-तीन पिढ्यांत झालेली नव्हती आणि कुणाला तिची गरजही पडली नव्हती. त्या घरातले कर्ते होते त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांची ज्वारी निघाली की आबांची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, रानाला लेंडीखत मिळायचं, आमच्या घरी धान्याची पाटी यायची. माळावर तर कोणीही कुठंही जावं.

मग तात्यांनी ओढून-ताणून कालव्याचं पाणी वर आणलं आणि ज्वारीच्या जागी डाळिंब लावलं. डाळिंबाचं असं की ते कायमचं उभं. रान मोकळं होणं हा प्रकारच संपला. त्यात एका दिवशी आबांचा डोळा लागला आणि मेंढरांनी माळाच्या कडेची नवी रोपं सोलून काढली. तात्या बांधावर उभे राहून बोलू नये ते बोलले. आबाही काही कमी बोलले नाहीत. चाळीस वर्षांचा घरोबा एका दुपारीत आटोपला, आणि दोन्ही घरं एकमेकांना टाळायला डेअरीत वेगवेगळ्या वेळी दूध घालायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तर दोन्हीकडून निरोप. तात्यांचा मुलगा येऊन म्हणाला, "म्याडम, तुमी शिकलेल्या हाय. दोन्ही बाजूचं ऐकून काय त्ये लिवून द्या. मोजणीवाला कवा यील त्याचा भरवसा न्हाय." आबा खाली बघत म्हणाले, "बघ, जमलं तर." आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चार वर्षं दुसऱ्यांच्या वाटाघाटी वाचत होते. आता माझ्या वाटाघाटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ फिरून पाहिला. पाऊस चांगला झाला होता. पूर्वेकडचा भाग पोटरीएवढ्या गवतानं भरलेला. पश्चिमेकडं ओढ्याच्या कडेनं बाभळी, काटे, दगड, कोरडी वाळू, बघवत नव्हतं. मी मनात हिशेब केला. वाटणी दिसायला निम्मी-निम्मी हवी, पण वडील माझे आहेत. तेव्हा गवताचा भाग आबांना आणि काट्यांचा तात्यांना. मोठ्या आंब्यापासून खालच्या खडकापर्यंत सरळ हद्द. माझी हुशारी कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त लागतं. मी निव्वळ चुकले असते तर ठीक होतं. मी लबाडी करायला गेले आणि त्यात चुकले.

डेअरीच्या ओट्यावर बैठक बसली. दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून उभी राहिली. मी पेपर तपासायच्या तांबड्या पेन्सिलीनं कागदावर माळ काढला, मध्ये हद्द मारली, आणि खाली कॉलेजच्या भाषेत मजकूर लिहिला. "उभय पक्षांनी परस्परांच्या हद्दीत कोणत्याही कारणास्तव प्रवेश करू नये." 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द मला इतके आवडले की मी ते दोनदा घातले. मग उभं राहून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना कोणी मध्ये बोललं नाही. तात्या एकदा कागदाकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होते, जरा गोंधळल्यासारखे. आबा ओट्याच्या टोकाला बसून हसत होते. दोघांनी सह्या केल्या, मी साक्षीदार म्हणून केली. कोणीतरी म्हणालं, "पोरीनं झटक्यात मिटवलं बगा." परतताना एसटीत मी खिडकीची जागा धरून अगदी ताठ बसले होते.

इंग्रज साहेबाला मी प्रबंधात पानंच्या पानं झोडपलं होतं. त्यानं टोळ्यांना विचारलं नाही, त्याला ऋतू कळला नाही, त्याला घाई झाली होती. पण त्या साहेबानंही मध्ये एक तुकडा मोकळा सोडला होता. विहिरींचं काय करायचं तेवढं तरी लिहून घेतलं होतं. माझ्या कागदात ते दोन्ही नव्हतं.

हिवाळा टंकलेखनात गेला. बारामतीच्या स्टँडजवळचा टंकलेखक रोज 'उद्या' म्हणायचा. सरांनी चौथं प्रकरण परत पाठवलं, मग पाचवं, मग पुन्हा चौथं. माहेरी जायला सवड मिळाली नाही. अधूनमधून निरोप यायचा की सगळं ठीक आहे. आमच्या घरात सगळं ठीक आहे याचा अर्थ कोणी मेलेलं नाही एवढाच असतो, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

वैशाखात आई बाजाराला बारामतीत आली आणि दुपारची माझ्याकडं टेकली. तिचे पाय सुजलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाली, "रोज कालव्यापत्तर जायाचं आन् यायाचं. आबास्नी एकट्याला आवरत न्हाईत मेंढरं रस्त्यावर."

"कालव्यावर कशाला?"

"मग पानी कुठं पाजायचं?"

मी म्हटलं, ओढ्यात झिरा असतोच की दर उन्हाळ्याला. वाळू उकरली की पाणी लागतं.

"त्यो तात्यांच्या हद्दीत गेला न्हवं का," आई म्हणाली. "तूच लिवलंस. बाभळी बी तिकडंच. शेंगा पडून कुजायला लागल्यात, आन् आमची मेंढरं रस्त्याच्या कडंचा पाचोळा खात्यात." मग तिनं बाकीचं सांगितलं. पूर्वेचं गवत माघातच संपलं. आता तिथं नुसती तापलेली जमीन. कालव्याला पाणी सुटलेलं असलं तर ठीक, नाहीतर तिथून पुढं कुणाच्या तरी विहिरीवर मिनतवारी. मेंढ्यांचं दूध आटलं. सात कोकरं गेली. एक उसाच्या ट्रॅक्टरखाली, बाकीची उन्हानं. आबा म्हणत होते, असंच चाललं तर पावसाआधी राहिलेली विकून टाकावी लागतील.

मला आधी आला तो राग, आणि तो आला आबांवर. तात्यांनी अडवलं असतं का? एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? दुसऱ्याच दिवशी कॉलेजला कळवून मी पहिली एसटी धरली. भवानीनगरला उतरले तेव्हाच ऊन चटके देत होतं. घरी न जाता मी तडक तात्यांच्या बागेत गेले आणि दम खायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. तहानलेल्या जनावराला कागद दाखवता का, वगैरे. बरंच बोलले.

तात्या ठिबकची नळी दुरुस्त करत होते. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "म्याडम, झालं? चैताच्या पाडव्याला म्या सोता आबांच्या दारात गेलो. म्हनलं, झालं गेलं सोडा, मेंढरं घाला ओढ्यात. न्हाय म्हनले. परत पोराला धाडलं. परत न्हाय. म्हनले, पोरीचा कागद हाय."

"आन् एक इचारू का?" तात्या म्हणाले. "त्या दिवशी तुमी पान्याची आन् शेंगांची बाजू मला दिली. मला वाटलं, सोताच्या बापाला डावलून मला दिती म्हंजी पोरगी लई न्यायाची हाय. म्हून गप बसलो. मला त्या बाभळी घिऊन करायचं काय? डाळिंबाला घालू शेंगा?"

म्हणजे माझ्या लबाडीची न्यायबुद्धी झाली होती, आणि ती साऱ्या गावात पसरलीही होती. मी तशीच आबांना शोधायला निघाले. ते कालव्याच्या रस्त्यावर एका लिंबाखाली मेंढरं थांबवून बसले होते. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून धापा टाकत होती. काहींच्या बरगड्या लोकरीतूनही कळत होत्या. आबा काळे पडले होते, आणि मला बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "कुठवर आलं वाळवंट?"

"आबा, वाळवंट जाऊ द्या खड्ड्यात. मेंढरं उठवा. आत्ताच्या आत्ता ओढ्याकडं न्यायची."

"कागद हाय."

"मी फाडते त्यो."

"असा कसा फाडशील?" ते शांतपणे म्हणाले. "चार मानसांत वाचलास. आज आपल्या सोयीला फाडला तर उद्या तुझ्या शब्दाला कोन इचारंल? म्हनतील, बापाचं अडलं तवा फाडला. मेंढरं काय, असत्यात न् जात्यात."

मी हातची पिशवी रस्त्यावर आपटली. भर उन्हात, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, मी माझ्या वडिलांना काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. ते ऐकत राहिले आणि मध्येच उठून एका मेंढीच्या पायातला काटा काढायला लागले. त्यांच्याशी भांडणं हा असाच छळ असतो. शेवटी मला एवढं कळलं की ज्या जागी कागद वाचला त्याच जागी, तितक्याच माणसांसमोर, तो माझा मलाच खोडावा लागेल. वर्गात मुलांसमोर सनावळी चुकली तरी मी ती चूक फळ्याच्या माथी मारणारी बाई. मी चुकले असं म्हणायची मला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डेअरीच्या ऐन गर्दीत, मी ओट्यावर चढले. तात्यांना निरोप दिला होता, ते आले होते. आबांना आईनं कसंबसं आणलं होतं, पण ते काही मेंढरं घरी ठेवायला तयार झाले नाहीत. कळप समोरच्या मोकळ्या जागेत उभा होता आणि अर्धं बोलणं त्या ओरडण्यात बुडत होतं. मी म्हटलं, "दिवाळीत मी हितं कागद वाचला होता. त्यो चुकीचा होता. मी गवत बघितलं, महिना बघितला न्हाय. आन् खरं सांगायचं तर मी आबांना चांगली बाजू द्यायला गेले होते. न्याय-बिय काय न्हाय त्यात. चूक माझी हाय."

कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, "म्हंजी म्याडम नापास." मला कानापर्यंत तापल्यासारखं झालं, पण मी उभी राहिले.

आणि आबा उठले. मला वाटलं, आता तरी साथ देतील. ते माझ्यावरच ओरडले. "खाली उतर! तुझी कशाची चूक? तू काय हितं उन्हाळा काढतीस? माळ माझा, मेंढरं माझी, सही माझी. म्या ऐकून सही केली. चूक माझी हाय."

"आबा, कागद मी लिवला."

"म्या अंगठा न्हाय दिला, सही दिली. वाचता येतंय मला."

असं आमचं सगळ्या गावापुढं चालू झालं, चूक कुणाची यावर, आणि दोघांतलं कोणी ती दुसऱ्याला द्यायला तयार होईना. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग ते कळपाकडं गेले, पुढच्या मेंढीचा कान धरला आणि तिला माळाच्या वाटेला लावलं. बाकीची तिच्यामागं निघाली. "चूक कुनाची ती तुमी दोगं सांजपत्तर ठरवा," ते मागं वळून म्हणाले, "म्या मेंढरास्नी पानी दावून येतो."

मग काय, आम्ही दोघंही त्यांच्यामागं पळालो. आंब्यापासून खडकापर्यंतची माझी ती हद्द मेंढरांनी बघितलीही नाही. झिरा बुजला होता. तात्यांनी घरून फावडं मागवलं, आबांनी हातानंच वाळू उपसायला सुरुवात केली. पाणी यायला वेळ लागला. तोवर कळप बाभळींखाली पांगला आणि वाळक्या शेंगा फोडून खाण्याचा नुसता कुरकुर आवाज ऐकू यायला लागला. एवढ्या शेंगा तिथं पडल्या होत्या की चालताना पायाखाली घसरत होत्या. दोन महिने पडून होत्या त्या. तात्या मला म्हणाले, "आता नवा कागद नको बरं का म्याडम." मी हात जोडले. मग ते बागेकडं परतले, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं पुन्हा एकाच वेळी डेअरीत दिसायला लागली.

आबा आणि मी झिऱ्याच्या काठाला बसून राहिलो. माझा राग उतरला नव्हता. उलट एक गोष्ट आता कुठं माझ्या डोक्यात शिरत होती. ज्या माणसानं मला इंग्रज साहेबाची चूक कातर चालवता चालवता दाखवली होती, त्याला माझी कळली नसेल? मी विचारलं, "आबा, तुमाला कवा कळलं? माघात?"

"न्हाय."

"मग?"

"तू वाचत व्हतीस तवाच," ते म्हणाले. "पान्याचं नाव आलं न्हाय, तवाच कळलं."

"आन् तुमी बोलला न्हाय? हसत बसला होता तुमी! मी बघत होते!"

त्यांनी पायाजवळची वाळू जरा सारखी केली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बाई दहावीच्या पुढं गेली नव्हती, आणि चारचौघांत बसलेल्या पुरुषांपुढं उभी राहून तर कोणीच काही वाचलं नव्हतं. पण हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं, मी फक्त उत्तराची वाट बघत होते.

"समदी मानसं तुझ्याकडं बघत व्हती," आबा म्हणाले. "म्या मधी बोललो असतो तर माझ्याकडं बघितली असती."

"त्यापायी सात कोकरं गेली, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "गेली."